ठाण्यात जमा झालेल्या रायफली

३ जानेवारी

कोंबडीखाद्याच्या कंपनीनं शेजारच्या आबांना दोन डायऱ्या पाठवल्या. आबांची पोल्ट्री कधीच बंद पडली, पण कंपनीला त्याचा पत्ताच नाही. एक डायरी त्यांनी मला दिली. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात एक पांढरी कोंबडी, बाकी पान कोरं. आबेदा म्हणाली, "आवं, दिसभर मला जे सांगत बसता ते हिच्यात लिवा. माझं कान तरी सुटतील." बायकोचं ऐकलेलं बरं म्हणून लिहायला बसलो.

आधी ओळख. मी रसूल शिकलगार. आजोबा गावोगाव फिरून तलवारींना आणि विळ्यांना धार लावायचे. मी मात्र विट्याकडच्या निम्म्या लोकांसारखा गलाईत गेलो, म्हणजे परमुलखात सोनं गाळायच्या धंद्यात. सगळी उमर सेलममध्ये काढली. दुकानाच्या वरच्या मजल्यावर एक रायफल क्लब होता. खाली भट्टी थंड झाली की मी वर जाऊन बसायचो. बसता बसता नेम धरायला शिकलो आणि पुढे पोरांना शिकवायलाही लागलो. मागच्या वर्षी दुकान आवरून गावी आलो तेव्हा तीन हवेच्या रायफली बरोबर आणल्या आणि आबांची कोंबड्यांची शेड भाड्यानं घेतली. लांबी भरपूर, भिंती भक्कम. वास तेवढा अजून जात नाही. ढगाळ दिवशी तर कोंबड्या परत आल्यात असं वाटतं. सकाळी मी विट्यात एका सराफाकडे सोन्याचा कस बघायला जातो आणि दुपारनंतर शेडमध्ये शिकवतो.

५ जानेवारी

शिकायला पुष्कळ पोरं आली आणि गेली. टिकली ती फिरदोस. आसिफची थोरली, बारावीला आहे. आसिफ विट्यात यंत्रमागावर कामाला. पोरगी डावखुरी आहे आणि माझ्या तीन रायफलींत एक डाव्या हाताची आहे. सेलमला ती कुणी घेईना म्हणून मला स्वस्तात मिळाली होती. आबेदा तेव्हा म्हणाली होती की तुम्ही उजवे, मी उजवी, मग ही काय भिंतीला टांगायची? आज ती फिरदोसच्या गालाला अशी बसते की बघत राहावं. दुसरी रायफल दिली तर पोरीचा नेम पार विस्कटतो.

एक फेब्रुवारीला साताऱ्यात निवड स्पर्धा आहे. पहिल्या आठ मुली राज्य स्पर्धेला जाणार. फिरदोस त्यांत आली तर सांगलीच्या एका कॉलेजात खेळाडू म्हणून प्रवेश आणि वसतिगृह मिळेल. आसिफनं मला सरळ सांगून टाकलंय, "निवड झाली तर शिकू दे तिला. न्हाईतर बारावी झाली की कांड्या भरायला बसंल." माणूस वाईट नाही, घरात पाठची लेकरं आहेत. पण ही पोरगी मागाजवळ बसून सुताच्या कांड्या भरते हे मला बघवणार नाही. हे मी कुणाला बोललो नाही, कोंबडीच्या पानावर लिहून ठेवतो.

७ जानेवारी

नियम पुन्हा बदलले. म्हणजे बदलले असं म्हणतात. सांगलीच्या संघटनेचे सचिव फोनवर म्हणाले, नेमबाजी चालू असताना दार आतून बंद पाहिजे, कुणी मध्येच आत शिरायला नको. साताऱ्याच्या रेंजवर लावलेल्या पाटीचा फोटो माझ्याकडे आहे, तीत लिहिलंय की दार उघडं पाहिजे, आग लागली तर बाहेर पळता यावं. दोघांचंही बरोबर आहे. मी सुताराला बोलावून दार मधून कापून घेतलं. आता खालचं अर्धं बंद असतं आणि वरचं अर्धं उघडं. आबांनी बघितलं आणि म्हणाले, "घोड्याची पागा केलीस की रं माज्या शेडची."

हसू देत. सेलममध्ये एकदा कुणीतरी चोरीची साखळी गाळायला आणून दिली आणि पोलिसांनी मला दिवसभर बाकावर बसवून ठेवलं. त्या दिवसापासून मी कायद्याच्या पुढं एक पाऊल चालतो, मागं नाही.

व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर आणखी एक आलंय. रायफल आणि छर्रे एका छपराखाली ठेवायचे नाहीत, आणि कपाटाची किल्ली जबाबदार माणसाकडे असावी. छर्ऱ्यांचे डबे घरी नेऊन स्वयंपाकघरातल्या फडताळात ठेवले. जबाबदार माणूस कोण याचा विचार केला आणि किल्ली आबेदाकडे दिली. तिनं काही न बोलता पदराला बांधली. मला वाटलं होतं, कटकट करेल.

१० जानेवारी

छर्रे कमी होतायत. फिरदोसला मोजून देतो, अधूनमधून येणाऱ्या पोरांना तर हात आखडूनच देतो, तरी डबा हलका लागतो. आबेदाला विचारलं. ती म्हणाली उंदरं असतील. उंदीर शिसं खातो हे मला नवीन आहे, पण सेलमला उंदरांनी साबण खाल्लेला मी पाहिलाय.

आणखी एक. चुलीपाशी टार्गेटचे जुने कागद जाळायला ठेवलेले असतात. आज सहज एक उचलून बघितला तर बरोबर मधोमध एकच भोक, थोडं मोठं, बाकी कागद कोरा. म्हणजे एकच गोळी मारून अख्खा कागद टाकून दिला. फिरदोसला उधळेपणाबद्दल बोललो. ती म्हणाली तो कागद माझा नव्हे, चाचा. पोरं कबूल करत नाहीत.

१२ जानेवारी

जिल्हा परिषदेची निवडणूक लागली, आचारसंहिता सुरू झाली. ठाण्यातून गावोगाव निरोप गेले की सगळ्यांनी आपापल्या बंदुका जमा कराव्यात.

हवेच्या रायफलीला परवाना लागत नाही. निरोपात मात्र परवानेवाल्या बंदुका असं काही म्हटलेलं नाही, नुसतं बंदुका म्हटलंय. आबा म्हणाले, तुज्या बंदुकीनं चिमणीबी मरत न्हाई, गप बस. पण उद्या कुणी तक्रार केली तर? परत बाकावर बसायची माझी तयारी नाही. तिन्ही रायफली खोक्यांत घातल्या आणि ठाण्यात गेलो. रांगेत ऊसवाले, बँकेचे दोन पहारेकरी, एक माजी सुभेदार. माझा नंबर आला तेव्हा हवालदार बनसोडेंनी परवाना मागितला. मी म्हटलं लागत नाही. ते म्हणाले, मग आणल्यात कशाला? मी म्हटलं, कायदा म्हणून. त्यांनी तिन्ही खोकी उघडून बघितली. मग आत जाऊन आले आणि बंदुका ठेवून घेतल्या. पोच दिली. प्रशांत बनसोडे म्हणून हवालदार आहेत, अक्षर फार सुंदर.

स्पर्धेसाठी लागेल तेव्हा मागून घेऊ. घरी येऊन निवांत झोपलो.

१३ जानेवारी

झोप उडाली. सांगलीच्या सचिवांना कौतुकानं सांगायला फोन केला तर ते म्हणाले, "शिकलगार, अहो खेळाडूंना सूट असते. आणि हवेच्या रायफली तर कुणीच जमा करत नाही."

तसाच ठाण्यात गेलो. हवालदार बनसोडे भला माणूस, त्यांनी चहा पाजला आणि मग सगळं समजावलं. जमा झालेली बंदूक मधेच परत द्यायची तर वरच्या समितीचा हुकूम लागतो. समितीकडे कागद पाठवायचा तर परवान्याचा नंबर लागतो. माझ्याकडे परवाना नाही, कारण तो लागत नाही. मी म्हटलं, मग तशाच द्या. ते म्हणाले, "आवं शिकलगार, परवाना नसलेली बंदूक आचारसंहितेत मी ठाण्यातनं कुणाच्या हातात दिली, तर उद्या माजी टोपी जाईल. निकाल लागला की घिऊन जावा."

निकाल स्पर्धेनंतर आहे.

शेडमध्ये फिरदोस जाकीट घालून माझी वाट बघत होती. तिला सगळं सांगितलं. ती रडली नाही. फक्त म्हणाली, "चाचा, तुमी आपणहून दिल्या?" मी माझ्या हातानं त्या पोरीचं कॉलेज ठाण्यात नेऊन जमा केलं आणि वर पोच घेऊन आलो.

१४ जानेवारी

संक्रांत. सांगलीहून उसनी रायफल आणली. उजव्या हाताची. फिरदोसनं प्रयत्न केला. लिहिण्यासारखं काही नाही.

मी आज तीन अर्ज लिहिले. एक ठाण्याला, एक तहसीलदारांना, एक जिल्ह्याला. आबेदाचा पारा चढलेला आहे. रायफली गेल्यापासून ती घरात भांडी आपटते. मला बोलली, "जगात एवढी मानसं हायत, कुनी तरी गेलं का बंदूक द्याला?" एवढा राग मला अपेक्षित नव्हता, तिला नेमबाजीत काडीचा रस नाही. उंदीर मात्र गेलेले दिसतात, छर्ऱ्यांचा डबा जसाच्या तसा आहे.

दुपारी तिनं तिळाचे लाडू केले आणि ठाण्यात वाटायला म्हणून घेऊन गेली. ठाण्याच्या प्रमुख नवीन फौजदार नीलिमा मॅडम आहेत, कडक म्हणतात. मी म्हटलं लाच दिल्यासारखं दिसेल. ती म्हणाली लाडू हायत लाडू. तिळगूळ द्यायला इतका वेळ लागतो हे मला माहीत नव्हतं. दिवेलागणीला आली, आणि आल्यावर भांडी आपटली नाहीत.

१६ जानेवारी

अर्जांना उत्तरं आली. तहसील म्हणतं, विषय पोलिसांचा. जिल्हा म्हणतो, हवेच्या रायफली जमा करण्याची आवश्यकता नाही, सबब परत देण्याचा प्रश्न उद्भवत नाही. हे वाचून हवालदार बनसोडेंनी डोक्यावरची टोपी काढून टेबलावर ठेवली. मी आणखी दोन अर्ज दिले.

१७ जानेवारी

अर्जाला यश! नीलिमा मॅडमनी मला बोलावलं. मी शर्टाची वरची गुंडी लावून उभा राहिलो. मॅडम म्हणाल्या, "बंदुका ठाण्याबाहेर जाणार नाहीत. पण मुलगी ठाण्यात येऊ शकते ना? मागचा व्हरांडा रिकामा आहे. सकाळी सातला या, आणि बरोबर एक बाई माणूस पाहिजे."

मला आधी कळलंच नाही. मग इतकं कळलं की हवालदारांचा हात धरून हलवत बसलो. बंदूक ठाण्याच्या ताब्यात, ठाण्याच्या आवारात, ठाण्याच्या देखरेखीत. एकही नियम मोडत नाही. पाचव्या अर्जात मी "योग्य तो मार्ग काढावा" असं लिहिलं होतं, त्याचाच हा परिणाम. चांगल्या भाषेत लिहिलं की काम होतं. आबेदाला सांगितलं तर ती म्हणाली, "व्हय, तुमच्या अर्जानंच." बरोबर यायलाही ती लगेच तयार झाली. सकाळी माझं सराफाकडे काम असतं, त्यामुळं मी तास दीड तास थांबून निघायचं आणि पुढं तिनं थांबायचं असं ठरलं.

१९ जानेवारी

ठाण्यातला सराव सुरू. व्हरांडा मी टेपनं मोजला, पुरेसा आहे. टार्गेटच्या मागं छर्रे अडवायला काहीतरी हवं होतं. मागच्या अंगणात वाळूचा ढीग होता, मी पोती भरायला घेतली. हवालदारांनी धावत येऊन अडवलं. ती वाळू जप्तीची आहे. "मुद्देमाल हाय त्यो. छर्रं आत गेलं तर वजन वाढंल, मग कोर्टात मी काय सांगू?" त्यांचं म्हणणं मला पटलं. शेवटी आबांनी शेडमधला जाड पत्रा आणि जुनं कांबळं आणून दिलं.

फिरदोसनं आपली रायफल हातात घेतली तेव्हा तिचा चेहरा बघायला पाहिजे होता. पहिल्या दहांत दोनच वाया गेल्या. मधेच आत कोठडीतला एक दारुडा ओरडला, मला गोळी घालू नका. हवालदारांनी त्याला सांगितलं की तुझा नंबर नाही.

२१ जानेवारी

सराव रंगात आलाय. आज प्रचाराच्या भांडणातून दोन गट ठाण्यात आले होते, आवाज चढलेले. त्यांना मॅडमनी मागच्या व्हरांड्यातून आत घेतलं. तिथं फिरदोस नेम धरून उभी. दोन्ही गट एकदम हळू बोलायला लागले आणि मिटवून गेले. मॅडम म्हणाल्या पोरगी रोज आली तर माझं काम निम्मं होईल.

सराफाकडून आज लवकर सुटलो म्हणून आबेदाला घ्यायला परत ठाण्यात गेलो. फिरदोस कट्ट्यावर बसून पोहे खात होती, मॅडम आणि चार पोलीस व्हरांड्यात गोळा झालेले. मला बघून सगळे पांगले. हवालदार म्हणाले, "शिकलगार, वहिनींचा हात म्हंजे..." आणि आबेदानं त्यांच्याकडे बघितलं तसे ते थांबले. पोहे तिनंच करून नेले होते. तिच्या हाताला चव आहेच.

२३ जानेवारी

वाईट दिवस. आसिफ संध्याकाळी शेडमध्ये आला. विट्यात गल्लीत बोललं जातंय की आसिफच्या पोरीला पोलीस रोज सकाळी ठाण्यात बोलावतात, काहीतरी केस आहे म्हणे. मागावरच्या एकानं तर त्याला वकिलाचा नंबर दिला. आसिफचा आवाज चढला नाही, तेच जास्त लागलं. "रसूलभाई, माजी पोरगी उद्यापास्नं यायची न्हाई. नेमबाजी नको आन् कॉलेज नको. मला अजून तीन लेकरांची लग्नं करायची हायत."

मी त्याला नियम सांगायला लागलो. परवाना, समिती, ताबा. जितकं सांगत गेलो तितका तो लांब जात होता. शेवटी अर्ध्या दारावर हात टेकून उभे असलेले आबा बोलले. "आसिफ, ठाण्यात जाती म्हनून तुला लाज वाटती व्हय? ती फौजदारीनबी कुनाची तरी पोरगीच हाय. ती रोज ठाण्यातच जाती. तिच्या बापाला लाज वाटत आसंल का रं?"

आसिफनं तांब्या उचलला. पाणी प्याला आणि गेला.

२४ जानेवारी

सकाळी सातला ठाण्यात गेलो तर फिरदोस नव्हती. सव्वासातला आली. तिला मोटरसायकलवरून सोडायला आसिफ स्वतः आला होता, इस्त्रीचा शर्ट घालून. तो ठाण्याच्या दारात सगळ्या रस्त्याला दिसेल असा उभा राहिला आणि सराव होईपर्यंत तिथून हलला नाही. मी त्याला आत बोलावलं. तो म्हणाला, हितंच बरा हाय, लोकांना दिसू दे.

त्याला मिठी मारावीशी वाटली. मारली नाही, ठाण्याचं आवार होतं.

२६ जानेवारी

झेंडावंदन ठाण्यात. मॅडमनी फिरदोसला पोलिसांच्या ओळीत शेवटी उभं केलं. आसिफनं फोटो काढला आणि स्वतःच गल्लीच्या ग्रुपवर टाकला. ज्यानं वकिलाचा नंबर दिला होता त्यानं खाली अंगठा दिलाय.

२९ जानेवारी

नवा पेच. स्पर्धा साताऱ्यात, रायफल ठाण्यात. हे मला सुचलं कसं नाही? सरावाच्या आनंदात सगळेच विसरलो होतो. मी लगेच अर्ज लिहायला घेतला. आबेदानं हातातलं पेन काढून घेतलं आणि म्हणाली आधी जेवा. मग ती मॅडमना फोन करायला अंगणात गेली, लाडवांचा डबा परत मागायचा होता म्हणे.

३० जानेवारी

मॅडमनी हुकूम काढला. रायफल ठाण्याच्या ताब्यातच राहील, पण ताबा साताऱ्यापर्यंत जाईल. म्हणजे हवालदार बनसोडे रायफलीबरोबर जाणार आणि ती घेऊनच परत येणार. संपूर्ण काळ रायफल त्यांच्या नजरेसमोर पाहिजे. नजरेआड झाली तर जबाबदारी हवालदारांची. हुकूम इतका व्यवस्थित लिहिलाय की मला दोनदा वाचावासा वाटला.

आसिफला रजा मिळाली नाही. आबा म्हणाले माझी गाडी न्या, मीच चालवतो. कोंबड्या न्यायची गाडी आहे, पण मागं बाक टाकलाय.

२ फेब्रुवारी

काल लिहायला जमलं नाही. आज सकाळी चहा घेऊन बसलोय, सगळं नीट लिहितो.

पहाटे निघालो. पुढं आबा आणि हवालदार, हवालदारांच्या मांडीवर रायफलीचं खोकं. मागं फिरदोस, आबेदा आणि मी. कराड सोडलं, उंब्रजजवळ निवडणुकीचा नाका होता. तिथल्या पोलिसानं गाडीत डोकावून विचारलं, खोक्यात काय? हवालदार म्हणाले, रायफल. परवाना? ही जन्मभराची कहाणी हवालदारांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितली. नाक्यावरचा पोलीस ऐकत ऐकत खुर्चीवर बसला आणि शेवटी म्हणाला, जावा, मला कळलं न्हाई पन तुमी चोर वाटत न्हाई.

साताऱ्याच्या रेंजवर पोचलो तेव्हा बाकीच्या पोरी आईबापांबरोबर आलेल्या, आमची पोलिसाबरोबर. लोक वाट करून देत होते. फिरदोसला लाज वाटत होती आणि मजाही. नोंदणीच्या टेबलावर मात्र घोटाळा झाला. नेमबाजाच्या मागं एकच माणूस उभा राहू शकतो, त्यानं गळ्यात प्रशिक्षकाचं कार्ड घालायचं. कार्ड एका मुलीमागं एक. बाकी सगळे हॉलच्या बाहेर, खिडक्या बंद.

आणि रायफल तर हवालदारांच्या नजरेसमोरच पाहिजे.

मी टेबलावरच्या साहेबांना मॅडमचा हुकूम दाखवला. ते म्हणाले, तुमचं तुम्ही ठरवा. हवालदार बनसोडे मला बाजूला घेऊन म्हणाले, "शिकलगार, तुमी जावा आत. मी हितं झाडाखाली बसतो. मॅडमला कोन सांगायला जातंय? पोरीला तुमी लागताय." मनापासून म्हणत होते. आणि मी खोटं का लिहू, मला आत जायचं होतं. वर्षभर ज्या पोरीचा खांदा, कोपर, श्वास मी सांभाळला तिची एकही गोळी मी बघणार नाही, हे मला सहन होत नव्हतं. पण तो माणूस माझ्यामुळंच यात पडला होता. त्याची टोपी गेली असती तर मी कुठल्या तोंडानं ठाण्यासमोरून गेलो असतो?

कार्ड मी त्यांच्या गळ्यात घातलं. त्यांना एवढंच सांगितलं की काही बोलू नका, खोकू नका, आणि पोरीनं मागं वळून बघितलं तर मान हलवा.

फिरदोसचे डोळे मोठे झाले. "चाचा, तुमी न्हाई येत?"

मी म्हटलं, "नेम धरल्यावर मागचा माणूस दिसतो का तुला?"

ती म्हणाली, "न्हाई."

"मग मी आत काय आन् भाईर काय. जा."

ती गेली, दार लागलं. मी, आबेदा आणि आबा बाहेर कडुनिंबाखाली बसलो. आतून टप टप आवाज येत होते, सगळ्या पोरींचे मिसळलेले, त्यातले तिचे कुठले हे सेलमच्या क्लबातल्या उस्तादालाही सांगता आलं नसतं. आबा शेंगा खात होते आणि मला पुन्हा पुन्हा विचारत होते, आता कोन पुढं हाय? आबेदा बंद दाराकडे बघत बसली होती आणि तिच्या उजव्या हाताचं बोट मधूनमधून आपोआप वाकत होतं. थंडी होती.

मग आवाज थांबले. बराच वेळ काहीच नाही. मग आत टाळ्या झाल्या, दार उघडलं आणि लोक आत घुसले. मी उठून उभा राहिलो. त्या गर्दीतून उलट्या दिशेनं फिरदोस बाहेर आली. जाकिटाचे बंद सुटलेले, केस घामानं चिकटलेले. सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"चाचा, शेवटून तिसरी गोळी लवकर सुटली. श्वास धरलाच न्हवता मी. सुटायच्या आदीच कळलं हुतं."

झालं. मी सुरू झालो. कोपर कुठं होतं? चापावर बोट कधी आणलं? घाई कशाची होती, गाडी सुटत होती का तुझी? श्वास धरला नाही असं समजलं तर रायफल खाली का नाही घेतली, किती वेळा सांगितलंय? ती मान हलवत होती, व्हय चाचा, व्हय चाचा. मी हातवारे करून तिला तिथंच झाडाखाली उभं राहायला लावलं, खांदा दाखवला, बोट दाखवलं. लोक थांबून बघायला लागले.

शेवटी आबा म्हणाले, "आरं बाबा, पर पोरगी पास का नापास, त्ये तर इचार की."

मी विचारलंच नव्हतं.

फिरदोस हसली. "सहावी आली, चाचा. आठ जनी घेत्यात."

मी खाली बसलो आणि रडलो, तोंड न झाकता. आबेदानं फिरदोसला मिठीत घेतलं ती सोडेना. आबांनी उरलेल्या शेंगा ओळखीच्या आणि बिनओळखीच्या सगळ्यांना वाटल्या. आसिफला फोन लावला तर मागांच्या खडखडाटात त्याला काही ऐकू जाईना. मग तो मागं ओरडला, बंद करा रं समदं. फिरदोसनं पुन्हा सांगितलं. मग तो म्हणाला, "सांगलीला कवा जायचं, बग."

मग हवालदार बनसोडे बाहेर आले. एका हातात रायफलीचं खोकं, दुसऱ्या हातात प्रमाणपत्र, आणि चेहरा पडलेला. कार्ड ज्याच्या गळ्यात त्याचंच नाव छापून आलं होतं. प्रशिक्षक, प्रशांत बनसोडे. "म्या तितं लय सांगितलं, शिकलगार. आयकना कोन. पेननं खोडून तुमचं घालू का?"

मी कागद त्यांच्या हातातून काढून घेतला, नाहीतर त्यांनी खरंच खोडलं असतं. त्यांना म्हटलं, खाडाखोड केली की कागद बाद होतो. आणि मला वाईट वाटलं नाही, हे इथं लिहून ठेवतो. कागद त्यांच्या नावाचा झाला, पण चुकलेली गोळी सांगायला पोरगी माझ्याकडं आली.